लष्करी शिस्तीचा कायदा आणि जवानाचा न्याय : कोल्हापूरच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंदगड, आजरा, गडहिंग्लज, भुदरगड, शिरोळ या तालुक्यांत अशी कितीतरी गावं आहेत जिथं दर गल्लीत एक तरी फौजी भेटतो. भरतीसाठी किती मिनिटांत किती पळायचं हे तिथल्या पोरांना दहावीच्या आधीच पाठ असतं. पण लाल एंट्री म्हणजे काय, समरी कोर्ट मार्शलमध्ये वकिलाला बोलता येतं का, बडतर्फ झाल्यावर दाद कुठं मागायची, हे त्यांना कुणी सांगत नाही. मग अडचण आली की घरचे गोंधळतात, गावातल्या एखाद्या रिटायर्ड सुभेदाराकडं जातात, आणि तोवर महत्त्वाची मुदत हातातून गेलेली असते.

मी वकिली करतो आणि या घरांशी माझा रोजचा संबंध आहे. त्यामुळं माझं मत आधीच सांगतो. फौजेला कडक शिस्तीचा कायदा हवाच. पण आरोप ठेवणारा, न्याय करणारी माणसं निवडणारा आणि निकालावर शिक्कामोर्तब करणारा एकाच साखळीतला असू नये. खालची उत्तरं मुख्यतः भूदलाच्या कायद्याला धरून आहेत, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं तिथंच जातात.

फौजेला वेगळा कायदा कशाला? सगळ्यांना एकच न्याय नको का?

वेगळा कायदा लागतो. लढाईच्या आघाडीवर हुकूम मोडणं आणि कारखान्यात मुकादमाचं न ऐकणं या एका पातळीच्या गोष्टी नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नं संसदेला म्हणूनच अधिकार दिला आहे, की सैन्यदलातल्या लोकांचे मूलभूत हक्क कर्तव्यासाठी आणि शिस्तीसाठी लागतील तेवढे मर्यादित करता येतील. अट एवढीच की ते कायद्यानं व्हावं. वर्दी घातली म्हणून माणूस राज्यघटनेच्या बाहेर जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८२ सालीच लेफ्टनंट कर्नल पृथ्वीपाल सिंग बेदी यांच्या प्रकरणात बजावलं होतं.

कोणाला कोणता कायदा लागू होतो?

भूदलाला आर्मी ॲक्ट १९५० आणि त्याखालचे १९५४ चे नियम, हवाई दलाला एअर फोर्स ॲक्ट १९५०, नौदलाला नेव्ही ॲक्ट १९५७. अग्निवीरही आर्मी ॲक्टखालीच येतो. नोकरी चार वर्षांची असली तरी शिक्षेची कलमं पूर्ण लागू. टेंबलाईवर टेरिटोरियल आर्मीची मराठा लाईट इन्फंट्रीची बटालियन आहे. तिथल्या जवानाला बोलावणं येऊन तो ड्यूटीवर असतो, तेव्हा त्यालाही हाच कायदा.

मुलगा सुट्टी संपून पंधरा दिवस झाले तरी परत गेलेला नाही. त्याचं कोर्ट मार्शल होईल का?

होऊ शकतं, पण इतक्या उशिरासाठी बहुतेक वेळा प्रकरण कमांडिंग ऑफिसरच्या पातळीवरच मिटतं. कलम ३९ मध्ये पुरेशा कारणाशिवाय सुट्टीपेक्षा जास्त राहणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. सगळा भर 'पुरेशा कारणा'वर आहे. आई दवाखान्यात असेल तर ॲडमिट कार्ड, डिस्चार्ज पेपर, औषधांची बिलं सांभाळा. मुलगा स्वतः आजारी असेल तर खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर विसंबू नका, त्याला जवळच्या लष्करी दवाखान्यात दाखवा आणि युनिटला कळवा. फोन करून कळवलं असलं तरी मागोमाग लेखी पाठवा.

तीस दिवस उलटले की चित्र बदलतं. कलम १०६ प्रमाणं युनिटमध्ये चौकशी बसते, गैरहजेरीची नोंद होते आणि त्याला फरार ठरवता येतं. मग जिल्ह्याच्या पोलिसांकडं पत्र येतं. गावच्या पोलीस पाटलामार्फत ते घरी पोचतं तेव्हा आईबापाची काय अवस्था होते ती मी पाहिली आहे. दारात पोलीस, शेजारी कुंपणाशी उभे, आणि मुलगा बिचारा मागच्या खोलीत. ही वेळ येऊ देऊ नका. फरारीचा गुन्हा कलम ३८ खाली येतो, त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि सक्रिय सेवेत (म्हणजे युद्धात किंवा शत्रूविरुद्धच्या कारवाईत) असताना केला तर कायद्यात मृत्युदंडापर्यंतची तरतूद आहे. पकडून नेलेला आणि आपण होऊन हजर झालेला यांत फार मोठा फरक पडतो. युनिट लांब असेल तर बेळगावच्या मराठा सेंटरला किंवा जवळच्या कुठल्याही लष्करी ठाण्यात हजर होऊन तशी नोंद करून घ्यावी.

लाल एंट्री म्हणजे नक्की काय? चार झाल्या की घरी पाठवतात म्हणे?

कलम ८० प्रमाणं कमांडिंग ऑफिसर, म्हणजे सीओ, कोर्ट मार्शल न बसवता जवानाला अठ्ठावीस दिवसांपर्यंत कैद किंवा लाईनमध्ये बंदी, जादा ड्यूटी, सक्त ताकीद, पगारातून दंड अशा शिक्षा देऊ शकतो. त्यांतल्या मोठ्या शिक्षा सर्व्हिसच्या कागदावर लाल शाईत चढतात, किरकोळ काळ्या.

चार लाल एंट्र्या झाल्या की डिस्चार्ज, हा समज पलटणीत इतका पक्का बसला आहे की जवानही विरोध न करता बॅग भरतो. तो समज चूक आहे. २०१५ साली वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की लष्कराच्याच डिसेंबर १९८८ च्या धोरणाप्रमाणं आधी प्राथमिक चौकशी झाली पाहिजे, शिवाय गुन्ह्यांचं स्वरूप, नोकरीची वर्षं, कठीण भागातली सेवा आणि पेन्शनच्या किती जवळ आला आहे याचा विचार झाला पाहिजे. नुसती चारची बेरीज पुरत नाही. जवानाच्या पेन्शनला पंधरा वर्षांची सेवा लागते, हे लक्षात घेतलं की तेराव्या-चौदाव्या वर्षी आलेल्या डिस्चार्जच्या नोटिशीचा अर्थ घरासाठी काय होतो ते कळतं. नोटीस आली की उत्तर द्या. गप्प राहणं म्हणजे मान्य करणं, असं पुढं धरलं जातं.

कोर्ट मार्शल किती प्रकारचं असतं?

चार. जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात आणि ते कुणावरही खटला चालवू शकतं. डिस्ट्रिक्टमध्ये किमान तीन; अधिकारी आणि जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) सोडून इतरांवर, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेपर्यंत. समरी जनरल मुख्यतः युद्धाच्या किंवा सक्रिय सेवेच्या प्रसंगासाठी. आणि समरी कोर्ट मार्शल, ज्यात सीओ एकटाच न्यायालय असतो. आपल्याकडच्या जवानाच्या वाट्याला बहुधा हे शेवटचं येतं, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर.

समरी कोर्ट मार्शलवर एवढा आक्षेप का?

आधी ते कसं चालतं ते डोळ्यांसमोर आणा. सीओचं ऑफिस, किंवा कॉन्फरन्स रूम. जवानाची टोपी आणि बेल्ट बाहेर काढून ठेवलेला. त्याला मार्च करत आत आणतात. टेबलामागं त्याचा सीओ, ज्याच्या सहीनं त्याची सुट्टी मंजूर होते, ज्याच्या शेऱ्यावर त्याचं प्रमोशन ठरतं. बाजूला दोन अधिकारी किंवा जेसीओ बसलेले. ते कामकाजाला फक्त हजर असतात, त्यांना शपथ नसते आणि मतही नसतं. आरोप वाचला जातो. जवानाला विचारलं जातं, कबूल आहे की नाही. त्यानं 'होय' म्हटलं तर आधी नोंदवलेला पुरावा वाचून दाखवतात आणि शिक्षा सुनावतात. सकाळी मार्च होऊन आत गेलेला माणूस दुपारी नोकरी गमावून बाहेर येतो. शिक्षेला कुणा वरिष्ठाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, ती तिथंच लागू होते. कागद वर तपासायला नंतर जातात.

सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, त्याखालचा असेल तर तीन महिने. आणि बडतर्फी. एका माणसानं, ज्याला कायद्याची पदवी असण्याची गरज नाही, दुसऱ्या माणसाचं आयुष्यभराचं पेन्शन एका बैठकीत संपवावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

यातला धोका काय असतो, हे रणजित ठाकूर प्रकरणात सगळ्यात उघड दिसलं. या शिपायानं सीओच्या वागणुकीविरुद्ध थेट वरिष्ठांकडं तक्रार पाठवली, म्हणून त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असताना, मे १९८५ मध्ये, त्याला जेवण्याचा हुकूम दिला आणि तो जेवला नाही, असा आरोप आला. समरी कोर्ट मार्शल बसलं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली होती तोच अधिकारी त्यात होता. एक वर्ष कैद आणि बडतर्फी. सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये हे सगळं रद्द केलं. पक्षपाताची रास्त शंका आणि गुन्ह्याच्या मानानं बेसुमार शिक्षा, अशी दोन्ही कारणं दिली. एक घास न घेतल्याबद्दल एक वर्ष! शिक्षा गुन्ह्याशी मेळ खाणारी हवी, या तत्त्वासाठी वकील आजही हाच निकाल पुढं करतात.

कायद्यात काही बंधनं आहेत, ती माहीत असू द्या. कलम १२० सांगतं, की सीओच्याच विरुद्ध झालेल्या गुन्ह्याचा खटला, तातडीचं गंभीर कारण नसेल तर, वर विचारल्याशिवाय त्यानं स्वतः चालवू नये. आरोप कळवल्यापासून खटला सुरू होईपर्यंत किमान ९६ तास मिळाले पाहिजेत, सक्रिय सेवेत २४ तास. आणि २०१६ साली विश्व प्रिया सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की समरी कोर्ट मार्शल हा अपवाद आहे. ते जवानाच्या स्वतःच्याच युनिटच्या सीओनं घ्यायचं, आणि तातडी का होती हे दाखवता आलं पाहिजे. शांततेच्या ठाण्यात, वर विचारायला भरपूर वेळ असताना, सवयीनं घेतलेलं समरी कोर्ट मार्शल टिकवणं आता अवघड आहे.

साहेबांनी सांगितलं 'कबूल कर, सौम्य शिक्षा देऊ.' करावं का?

नाही. निदान कुणाशी बोलल्याशिवाय नाही. नियम ११५ प्रमाणं, कबुली घेण्याआधी आरोपाचा अर्थ आणि कबुलीचे परिणाम जवानाला समजावून सांगायचे असतात, आणि ते केल्याची नोंद कागदावर हवी. कबुलीखाली जवानाची सही नाही म्हणून अनेक शिक्षा न्यायालयांनी रद्द केल्या आहेत. २०२३ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानंही, कबुलीवर सही नसणं महत्त्वाचं मानून, बडतर्फी रद्द करणारा निकाल कायम ठेवला. 'सौम्य शिक्षे'चं तोंडी आश्वासन कुठल्याच कागदावर येत नाही.

वकील देता येतो का?

जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये बाहेरचा वकील देता येतो. वकील नसेल तर बचावासाठी अधिकारी मिळतो, पण तो कायद्याचा जाणकार असेलच असं नाही. समरीमध्ये नियम १२९ प्रमाणं जवानाला एक मदतनीस घेता येतो, तो वकीलही असू शकतो. पण त्यानं फक्त जवानाच्या कानात सांगायचं. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा नाही, न्यायालयापुढं बोलायचं नाही. म्हणजे चंदगडचा बावीस वर्षांचा पोरगा, सीओसमोर सावधानमध्ये उभा राहून, आपल्याच सुभेदाराची उलटतपासणी स्वतः करणार. कागदावर हक्क आहे, पण वापरता येईल असा नाही. सुधारणेत सगळ्यात आधी हा नियम बदलला पाहिजे.

समरीच्या निकालात कारणं का लिहीत नाहीत?

कारण तिथं तशी सक्ती नाही. जनरल आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलला आता नियम ६२ प्रमाणं थोडक्यात कारणं लिहावी लागतात, समरीत मात्र नाही. निष्कर्ष 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढाच, आणि शिक्षा. १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात घटनापीठानं बाकी सगळ्या अधिकाऱ्यांना कारणं देण्याचं बंधन घातलं, पण कोर्ट मार्शलला कायद्याच्या रचनेमुळं त्यातून सूट राहिली. तेव्हा न्यायालयाचा मार्ग बंद झाला, समरीपुरतं हे आता कायद्यानंच बदलायचं आहे. ज्याला शिक्षा झाली त्याला कोणता पुरावा मानला आणि कोणता नाही, हे कळलंच नाही तर तो अपिलात भांडणार कशावर? दोन पानं कारणं लिहिण्यानं कुठल्याही पलटणीची शिस्त ढळत नाही.

बडतर्फ झाला तर पेन्शन जातं का?

हो, साधारणपणे जातं. आर्मी ॲक्टखाली बडतर्फ झालेल्याला आधीच्या सगळ्या सेवेचं पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मिळत नाही. अपवादात्मक परिस्थितीत राष्ट्रपतींच्या विवेकाधिकारात ते देता येतं, त्यासाठी अर्ज करावा लागतो. नवऱ्याच्या चुकीची शिक्षा बायकोनं आणि मुलांनी म्हातारपणापर्यंत का भोगावी, हा प्रश्न मला घराघरांतून विचारला जातो. माझ्याकडं त्याचं समर्थन करणारं उत्तर नाही. शिक्षा ठरवतानाच पेन्शनचा वेगळा विचार करून तो लिहून ठेवणं बंधनकारक व्हायला हवं.

डिस्चार्ज आणि बडतर्फी एक नव्हे. कागदावर नेमका कोणता शब्द आहे ते बघा, सगळं त्यावर अवलंबून आहे.

अपील कुठं करायचं? दिल्लीला जावं लागतं का?

आधी कलम १६४ प्रमाणं लष्करातच वरिष्ठांकडं किंवा सरकारकडं अर्ज. मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्यामागचा इतिहास थोडा सांगतो. १९८२ च्या बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, कोर्ट मार्शलविरुद्ध एकही खरं अपील नसणं ही ढळढळीत उणीव असल्याचं म्हटलं. १९९९ मध्ये विधी आयोगानं १६९ व्या अहवालात न्यायाधिकरणाची शिफारस केली. कायदा आला २००७ ला आणि न्यायाधिकरण प्रत्यक्ष सुरू झालं ऑगस्ट २००९ ला. उणीव दाखवल्यापासून सत्तावीस वर्षं. तेवढ्या काळात एक पिढी भरती होऊन निवृत्त झाली.

दिल्लीला जावं लागत नाही, मुंबईत खंडपीठ आहे. निवृत्त किंवा बडतर्फ माणूस जिथं राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो, म्हणजे कोल्हापूरकर मुंबईत. नोकरीविषयक प्रकरणात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती विसरू नका. तिथं न्यायिक सदस्य म्हणून उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि सोबत निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी असे दोघं बसतात. त्यांना पुरावा नव्यानं तपासता येतो, शिक्षा कमी करता येते, जामीनही देता येतो. बदली आणि सुट्टीचे विषय मात्र त्यांच्या कक्षेत नाहीत. समरी कोर्ट मार्शलचं प्रकरणही बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली असेल तरच चालतं.

दोन गोष्टी खटकतात. न्यायाधिकरणाचा कारभार संरक्षण मंत्रालयाकडं आहे आणि जवळपास प्रत्येक प्रकरणात प्रतिवादीही तेच मंत्रालय असतं. शिवाय सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की खंडपीठ बसतच नाही, आणि तारखेसाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठलेला म्हातारा बाप पुढची तारीख घेऊन परत येतो.

न्यायाधिकरणात हरलो तर? कोल्हापूरच्या नव्या खंडपीठाचा उपयोग होईल का?

पूर्वी यावर गोंधळ होता. २०१५ च्या एका निकालामुळं उच्च न्यायालयाचं दार जवळपास बंद झालं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयात जायला सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा लागतो. साध्या शिपायाच्या पेन्शनमध्ये असा मुद्दा क्वचितच असतो. मार्च २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते दार पुन्हा उघडलं. अनुच्छेद २२६ खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार हिरावून घेता येत नाही, असं त्यात ठरलं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याखाली येतात. महाराष्ट्रातला मोठा सैनिकी पट्टा हाच. याचिका मुंबईत की कोल्हापुरात, हे प्रकरण कुठं घडलं यावर ठरेल, ते आधी तपासून घ्या. पण दार घराजवळ आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

हा सगळा कायदा इंग्रजांचाच ना?

मुळात हो, आणि कोल्हापूरकरांनी हे विसरू नये. ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या २७ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी उठाव केला. इंग्रज अधिकारी ले ग्रँड जेकबनं ऑगस्टमध्ये पलटण निःशस्त्र केली, झटपट लष्करी न्यायालय बसवलं, आणि शिपायांना फाशी दिलं, गोळ्या घातल्या, तोफेच्या तोंडी दिलं. छत्रपती घराण्यातल्या चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं. १८५७ च्या उठावाच्या धसक्यातूनच हिंदी शिपायांवर तिथल्या तिथं खटला चालवण्याचा अधिकार सीओच्या हाती देण्याची पद्धत रुजली. ती १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टमधून १९५० च्या कायद्यात जशीच्या तशी उतरली. आपल्याच हवाई दलात आणि नौदलात समरी कोर्ट मार्शल नाही. त्यांची शिस्त कमी आहे असं कुणी म्हणत नाही.

२०२३ च्या नव्या कायद्यानं काय बदललं?

आंतर-सेवा संघटना कायदा २०२३ हा १० मे २०२४ पासून लागू आहे. तिन्ही दलांचे लोक जिथं एकत्र काम करतात तिथल्या प्रमुखाला, स्वतःच्या दलाबाहेरच्या जवानावरही शिस्तीची कारवाई करता यावी, एवढाच त्याचा हेतू. पूर्वी त्याला मूळ युनिटकडं परत पाठवावं लागे. सोय झाली, पण जवानाच्या हक्कांत भर पडली नाही. तिन्ही जुने कायदे तसेच आहेत. तिन्ही दलांसाठी एक संहिता करण्याची संधी यात होती, ती घेतली गेली नाही.

बाकीच्या देशांनी काय केलं?

ब्रिटनचं उदाहरण सगळ्यात बोलकं. तिथंही एकच अधिकारी आरोप ठरवायचा, सदस्य नेमायचा आणि निकाल मंजूर करायचा. १९९७ मध्ये फिंडले प्रकरणात युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं हे निःपक्षपाती न्यायाच्या विरुद्ध ठरवलं. त्यानंतर ब्रिटननं २००६ चा कायदा केला, २००९ पासून तो अमलात आहे. तिन्ही दलांना एक कायदा, कायमचं कोर्ट मार्शल, अध्यक्षस्थानी नागरी न्यायाधीश, खटला भरायचा की नाही ठरवणारा स्वतंत्र अभियोक्ता, म्हणजे सरकारी पक्षाचा वकील. सीओ किरकोळ शिक्षा आजही देतो, पण त्यावर अपील आहे. अमेरिकेनं डिसेंबर २०२३ पासून लैंगिक अत्याचार, खून अशा गंभीर गुन्ह्यांत खटल्याचा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र अभियोक्त्यांकडं दिला. ज्यांच्याकडून आपण हा कायदा घेतला त्यांनीच तो टाकून दिला. आपण मात्र अजून धरून आहोत.

परस्त्रीशी संबंध आता गुन्हा नाही ना?

नागरी कायद्यात नाही. पण ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की असे संबंध गुन्हा न मानणाऱ्या २०१८ च्या निकालाचा सैन्यदलांच्या शिस्तीच्या कायद्यांवर परिणाम होत नाही. कारवाई होऊ शकते, होते.

अन्याय झाला तर मोबाईलवर व्हिडिओ टाकला तर चालेल का?

टाकू नका. कलम २१ आणि त्याखालचे नियम प्रसारमाध्यमांशी संपर्कावर बंधन घालतात, आणि मूळ तक्रार बाजूला राहून व्हिडिओचाच गुन्हा पुढं येतो. कलम २६ मध्ये वरिष्ठाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क आहे, ती टप्प्याटप्प्यानं वर जाते. हा रस्ता संथ आहे आणि तक्रार बऱ्याचदा ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावरून जाते, हे खरं. म्हणून युनिटच्या बाहेर, कमांडच्या साखळीला जोडलेली नसलेली तक्रार यंत्रणा ही सुधारणेची माझी ठाम मागणी आहे.

एवढ्या सवलती दिल्या तर शिस्त बिघडणार नाही का? आमच्या काळात असलं काही नव्हतं.

हा प्रश्न मला जास्त करून निवृत्त सुभेदार आणि कर्नल मंडळी विचारतात, आणि मी तो गांभीर्यानं घेतो. त्यांनी पलटणी चालवल्या आहेत. सीमेवर सीओचा शब्द झटक्यात पाळला गेला पाहिजे, यात माझं दुमत नाही. कलम ८० खालचे त्याचे रोजच्या शिस्तीचे अधिकार कुणी काढून घ्या म्हणत नाही. युद्धाच्या प्रसंगी झटपट न्यायालयही राहू द्या. पण पुण्या-बेळगावच्या शांत छावणीत, जिथं डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल बसवायला काही दिवस पुरतात, तिथं एकट्या माणसानं नोकरी आणि पेन्शन संपवणं शिस्तीसाठी कसं गरजेचं आहे, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. आपल्यावर अन्याय झाला तर ऐकणारं कुणी आहे, हा विश्वास असलेला जवान हुकूम जास्त मनापासून पाळतो. हे खुद्द त्याच सुभेदारांनी मला निवांत बोलताना सांगितलं आहे.

मग नेमकं काय बदलायला हवं?

शांततेच्या ठाण्यांतलं समरी कोर्ट मार्शल बंद. बडतर्फी आणि कैद द्यायची तर कायद्याचा जाणकार न्यायाधीश असलेलं न्यायालय. खटला भरण्याचा निर्णय कमांडबाहेरच्या अभियोक्त्याकडं. प्रत्येक निकालाला लेखी कारणं. जवानाच्या वकिलाला बोलण्याचा हक्क, आणि परवडत नसेल तर सरकारी खर्चानं वकील. जनरल कोर्ट मार्शलमध्ये जज ॲडव्होकेट, म्हणजे लष्कराचा कायदे अधिकारी, बसतो, पण तो फक्त सल्ला देतो, मत देत नाही. त्याचा कायदेशीर निर्णय सदस्यांवर बंधनकारक व्हावा. न्यायाधिकरण संरक्षण मंत्रालयाकडून कायदा मंत्रालयाकडं जावं आणि त्याच्या जागा वेळेवर भराव्यात. यातलं समरीचं कलम आणि कारणांची सक्ती या दोन दुरुस्त्या उद्या संसदेत मांडता येतील एवढ्या छोट्या आहेत. आपल्या खासदारांना भेटणाऱ्या माजी सैनिक संघटनांनी पेन्शनच्या निवेदनासोबत हेही निवेदन द्यावं, ही माझी कळकळीची विनंती.

कायद्याची मदत मोफत मिळते का?

जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिक कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्याखाली सैनिक मंडळांत विधी सहाय्य केंद्रं आहेत. जमीन, वाटणी, कौटुंबिक वाद अशा प्रकरणांत तिचा मोठा आधार आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

घरी आत्ता, लगेच, काय करून ठेवावं?

जवानाचा आर्मी नंबर, युनिटचा पूर्ण पत्ता आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता एका वहीत लिहून ठेवा, बऱ्याच घरांत तोही नसतो. युनिटकडून आलेला प्रत्येक कागद पाकिटासकट जपा, कारण पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख मुदतीच्या वादात उपयोगी येते. पाठवलेल्या अर्जाची झेरॉक्स आणि स्पीड पोस्टची पावती एकत्र टाचून ठेवा. खटला होऊन गेला असेल तर नियम १४७ प्रमाणं जवानाला कामकाजाची नक्कल मागण्याचा हक्क आहे. ती काही ठराविक वर्षंच जपून ठेवतात, त्यामुळं अपिलाचा विचार पक्का झालेला नसला तरी नक्कल आधी मागून घ्या, आणि मागणी जवानाच्या सहीनं, लेखी, स्पीड पोस्टानं पाठवा.